जखमेचे दोन आकडे

सतराव्या शतकात लंडनमध्ये कुणी वारले की त्या घरी म्हाताऱ्या बायका पाठवल्या जात. मरण कशाने आले ते पाहून त्यांनी सांगायचे आणि चर्चच्या कारकुनाने ते वहीत लिहायचे. जॉन ग्रॉन्ट हा कापडव्यापारी. १६६२ मध्ये या मृत्युयाद्या चाळताना त्याला एक गोष्ट खटकली. गरमी या गुप्तरोगाने मेलेल्यांची नोंद जवळजवळ दोनच वस्त्यांतून येत होती. इतरत्र त्या बाईच्या हातावर दुप्पट पैसे पडले, एक पेला पोटात गेला, की मरणाचे कारण ‘क्षय’ होऊन जाई.

लाजेने नोंद खोटी करण्याचा हा जुना दाखला. जननेंद्रियाच्या जखमांचे कागद वाचताना तो आजही आठवावा लागतो.

पुढे विल्यम फार यांनी इंग्लंडमध्ये मृत्यूच्या कारणांना शिस्त लावली. १८९३ मध्ये शिकागोत पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांची यादी मान्य झाली. पण ती यादी मेलेल्यांची होती. अंडकोश फाटलेला माणूस बहुधा जगतो. म्हणून तो मोजणीतच नव्हता! १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच यादीची सहावी आवृत्ती काढली, तेव्हा न मारणारे आजार आणि इजा तिच्यात आल्या. इजेला दोन आकडे मिळाले : एक जखमेचा, दुसरा तिच्या कारणाचा.

ही जोडी हेच या पद्धतीचे मोठे शहाणपण. दहाव्या आवृत्तीत लिंगाची उघडी जखम एस ३१.२, अंडकोशाची एस ३१.३, योनी व भगाची एस ३१.४, अवयव तुटलाच तर एस ३८.२. पण पहिला आकडा एवढेच सांगतो की टाके कुठे पडले. धोतराचा सोगा शेतीयंत्राच्या फिरत्या दांड्यात अडकून कातडी सोलली गेली, तर डब्ल्यू ३०. मुलगा सायकलवरून पडून दांडीवर आदळला, तर व्ही १८. बलात्कार झाला असेल तर वाय ०५. जखम दिसायला सारखी असेल. यंत्राला जाळी बसवायची की पोलिसांना कळवायचे, हे दुसरा आकडा ठरवतो.

आणि नेमका तोच रिकामा राहतो. रुग्ण ‘पडलो’ म्हणतो, डॉक्टर पुढे विचारत नाहीत, केसपेपरवर ‘जखम’ एवढाच शब्द उतरतो. केसपेपर वाचून हे आकडे देणारा कोडर बिचारा काय करणार? जे लिहिले नाही, त्याला आकडा देण्याची त्याला मुभा नसते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जखम दिसली नाही म्हणून अत्याचार झालाच नाही असे ठरत नाही. तिथे पहिला आकडा नसला तरी हकिगत पूर्ण लिहायलाच हवी.

डॉक्टरांनी पडदा ओढून, रुग्णाला धीर देऊन एक प्रश्न जास्त विचारावा : हे कशाने झाले? आणि उत्तर मिळेल ते रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर लिहावे.