एका नळीची कुळकथा

लघवी तुंबणे हा विषय आपण चारचौघांत काढत नाही. बायपास झालेला माणूस सदऱ्याची बटणे काढून टाके दाखवतो. प्रोस्टेटचे ऑपरेशन झालेला ‘मध्यंतरी जरा बरं नव्हतं’ एवढ्यावर भागवतो. गेल्या पावसाळ्यात मीही तेच करत होतो. पण इतिहासाचा निवृत्त शिक्षक तीन दिवस नळी लावून पडला, तर त्याला दुसरे काय सुचणार? मी त्या नळीचीच कुळकथा शोधायला बसलो.

या दुखण्याने गेलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस बहुधा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे. ऑक्टोबर १६०१ मध्ये प्रागच्या एका मेजवानीत, मधेच उठणे शिष्टाचाराला धरून नाही म्हणून तो बसून राहिला. घरी गेल्यावर लघवी होईना. अकरा दिवसांनी तो वारला. ही हकिगत त्याचा सहायक केपलर याने नोंदवली आहे. विषप्रयोगाचा संशय पुढे बरेच जण घेत. पण २०१० मध्ये कबर उघडून केलेल्या तपासणीत पाऱ्याचे प्रमाण प्राणघातक नव्हते असे दिसले.

सुश्रुतसंहितेत उत्तरबस्तीच्या नळीचे वर्णन आहे. टोक मालतीच्या फुलाच्या देठासारखे, भोक मोहरी जाईल एवढे. पण ती औषध आत सोडण्यासाठी. तेव्हा ‘आपल्याकडे सगळे होतेच’ म्हणण्याची घाई नको. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आजारी भावासाठी सोनाराकडून चांदीची लवचीक नळी घडवून घेतली. १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या नेलातोंने मऊ रबराची आणली. तरी एकदा नळी लागली की ती बहुधा जन्माची. म्हातारी माणसे दिवसातून चार-पाच वेळा ती स्वतःच घालत, आणि जंतुसंसर्गाच्या तापाने दगावत.

या ठिकाणी एका आयरिश सर्जनला थांबून नमस्कार करायला हवा. पीटर फ्रेयर १८७५ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. वीसेक वर्षे हिंदुस्थानात मूतखडे फोडण्यात त्याचा हात बसला, आणि मग लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात डिसेंबर १९०० मध्ये त्याने ओटीपोटातून मूत्राशय उघडून, नुसत्या बोटाने वाढलेली ग्रंथी सोलून काढली. संत्र्याची फोड सुटावी तशी. न्यूयॉर्कच्या फुलरने हे आधीच केले होते, त्यावरून श्रेयाचा कडाक्याचा वाद झाला. श्रेय कोणाचेही असो, नळीतून सुटका शक्य आहे हे जगाला पटले ते फ्रेयरमुळे. मात्र पोटाच्या जखमेतून रबरी नळी बाहेर काढलेली असे, आणि लघवी नेहमीच्या वाटेने यायला आठवडे लागत.

दुर्बिणीतून ग्रंथी खरवडणे १९३० च्या दशकात रुळू लागले. १९५९ मध्ये हॉपकिन्सने भिंगांची नवी रचना केली आणि आतले चित्र लख्ख दिसू लागले. रक्तस्राव हा शत्रू उरलाच होता. अमेरिकेच्या फोलीने १९३७ मध्ये फुग्याच्या नळीवर लेख लिहिला. आज आपण ती लघवीची नळी म्हणून ओळखतो. पण तिचा फुगा होता तो ऑपरेशननंतरची जखम दाबून धरायला. म्हणजे माझ्या पोटातला फुगा ज्या कामासाठी जन्मला, तेच काम करत होता.

आता थोडे माझे. खाटेशेजारच्या सलाईनने मूत्राशय सतत धुतले जात होते. पिशवीतला रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखा. मधूनच ओटीपोटात जीवघेणी कळ यायची. मूत्राशय त्या फुग्यालाच बाहेर ढकलू पाहते म्हणे. तिसऱ्या दिवशी सिरिंजने फुग्यातले पाणी ओढून नळी काढली. पहिली लघवी झाली तेव्हा आग झाली खरी, पण ती धार पाहून जो आनंद झाला, तो पहिल्या पगाराला झाला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, “काका, बाहेर टाका दिसत नाही म्हणून आतली जखम विसरू नका.” पाणी भरपूर, बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, काही आठवडे वजन उचलायचे नाही. स्कूटरही बंद. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांनी लाजेपोटी दोन वर्षे त्रास लपवला आणि मूत्रपिंडे गमावून बसले. म्हणून हे रेडिओवर बोलायचे धाडस केले. बाराव्या दिवशी लघवी पुन्हा लाल झाली. आतली खपली सुटते तेव्हा असे होते. पाणी वाढवले, दोन दिवसांत साफ झाली. गुठळ्या येऊन धार अडली असती, तर मात्र रात्र असो की पहाट, तडक दवाखाना गाठायला सांगितले होते.