नळीच्या जाचातून सुटका

साठी उलटलेला एखादा गृहस्थ रात्रीतून चार-चार वेळा उठतो. अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहतो, थेंब थेंब लघवी करून परत येतो, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठतो. एस. टी.ने तालुक्याला जायचे म्हटले की त्याला धास्ती वाटते. लग्नाच्या पंगतीत तो पाणी पिण्याचे टाळतो. घरच्यांनी विचारले तर म्हणतो, ‘काही नाही, वय झालं आता.’ ह्या ‘काही नाही’च्या मागे काय असते, आणि त्यावर माणसाने कसकसे उपाय शोधले, ती हकिकत आज सांगावयाची आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या मार्गाला वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट किंवा अष्ठीला ग्रंथी म्हणतात. वीर्यातील काही द्रव पुरविणे हे तिचे काम. उतारवयात ती आतून वाढू लागते. पाटाच्या दोन्ही कडांनी गाळ चढला म्हणजे पाणी जसे अडते, तशी मग लघवी अडते. पन्नाशी ते साठीच्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. त्या सर्वांनाच त्रास होतो असे मात्र नाही. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिचा पुढे कर्करोग होत नाही.

‘अष्ठीला’ हा शब्द फार जुना आहे. त्याचा अर्थ गोल, कठीण दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लघवी तुंबण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीला ह्या प्रकारात मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी गाठ होऊन लघवी अडते, असे वर्णन आहे. ग्रंथीची आजची माहिती त्या काळी नव्हती. पण दुखणे मात्र वैद्यांनी नेमके पाहिले होते.

उपाय कोणता? पुष्कळ शतके एकच : लघवीच्या मार्गातून नळी घालून तुंबलेले पाणी काढणे. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात अशा काशाच्या नळ्या सापडल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील किती तरी वृद्ध आपली नळी टोपीत किंवा पोकळ काठीत बाळगीत आणि दिवसातून अनेकदा स्वतःच वापरीत. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. नळी उकळून घ्यावी हे कुणाला ठाऊक? मग जंतू आत शिरत, थंडी वाजून ताप भरे, मूत्रपिंडे निकामी होत, आणि नळीवर जगणारा माणूस नळीनेच दगावे.

ह्यातून सुटण्यासाठी माणसाने भलतेही उपाय केले. वृषण काढलेल्या जनावरांत ही ग्रंथी खुरटते, हे अठराव्या शतकात जॉन हंटर ह्या शल्यवैद्याने नोंदविले होते. त्यावरून १८९३ साली अमेरिकेतील डॉक्टर विल्यम व्हाइट यांनी वृद्ध रुग्णांचे वृषणच काढावेत असे सुचविले, आणि काही वर्षे तशा शस्त्रक्रिया झाल्याही! त्या पुढे मागे पडल्या. ‘ऑपरेशन केलं म्हणजे पुरुषपण जाणार’ ही भीती आजही ऐकू येते. पण आजच्या शस्त्रक्रियेत वृषणांना हात लावीत नाहीत.

खरी वाट उघडली ती ग्रंथीचा वाढलेला भागच काढून टाकण्याने. न्यूयॉर्कचे यूजीन फुलर यांनी ही शस्त्रक्रिया १८९०नंतरच्या दशकात केली होती. पण तिचा प्रसार केला पीटर फ्रेयर यांनी. हे आयरिश डॉक्टर १८७५ पासून सुमारे वीस वर्षे हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत होते. त्या वेळच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, मूतखड्याचे शेकडो रुग्ण त्यांच्या हाताखालून गेले. इथे कमावलेला हात घेऊन ते लंडनला परतले, आणि १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. ओटीपोटावर छेद घेऊन मूत्राशयात बोट घालायचे, आणि संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तसा वाढलेला भाग सोडवून काढायचा. १९१२ साली त्यांनी आपल्या एक हजार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत शंभरामागे पाच-सहा दगावले होते. रक्त देण्याची सोय नव्हती, प्रतिजैविक औषधे नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे पोट न फाडता लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून आतला अडसर तासून काढणे. अमेरिकेत १९२६ साली स्टर्न यांनी ह्याचे विजेवर चालणारे उपकरण केले. पुढे मॅकार्थी यांनी ते सुधारले. आज पुष्कळ ठिकाणी हेच काम लेसर किरणांनीही होते.

औषधांची कथा तर कादंबरीसारखी आहे. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताकात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. १९७४ साली संशोधकांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या शरीरात पुरुषरसाचे अधिक प्रभावी रूप तयारच होत नव्हते, आणि प्रौढपणीही त्यांची अष्ठीला ग्रंथी लहानच राहत होती. त्यावरून ग्रंथी आकसविणारे फिनास्टेराइड हे औषध निघाले; अमेरिकेत त्याला १९९२ साली परवानगी मिळाली. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी ही दुसरी जात. जेरुसलेमच्या मार्को केन यांनी १९७०नंतरच्या दशकात ही वाट दाखविली. आज पुष्कळांचे काम गोळ्यांवरच भागते.

म्हणजे पाहा, दोन हजार वर्षे जे साधले नाही ते शंभर-सव्वाशे वर्षांत साधले. राहिला तो संकोच. लघवीला जोर करावा लागतो, धार बारीक झाली, पुन्हा पुन्हा उठावे लागते, हे डॉक्टरांना सांगण्यात लाज कसली? तपासणीही साधी असते : बोटाने ग्रंथी चाचपणे, लघवी व रक्त तपासणे, सोनोग्राफी. कर्करोग वेगळा असतो, पण खुणा सारख्या दिसू शकतात. म्हणून अंदाजावर राहू नये. लघवीतून रक्त गेले किंवा थंडीताप आला तर लवकर दाखवावे. लघवी पुरती बंद झाली तर रात्र असली तरी थांबू नये; तडक दवाखाना गाठावा. हा त्रास असणाऱ्याने सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांनी लघवी अडू शकते.

गुरुजींना एक विनंती आहे. गावातले वडीलधारे तुमचा शब्द मानतात. चावडीवर, पारावर हा विषय निघाला आणि हसण्यावारी जाऊ लागला, तर फ्रेयरसाहेबांची ही गोष्ट सांगा. ऐकणाऱ्यांतला एक जण तरी दुसऱ्या दिवशी दवाखान्याची वाट धरील.