परक्यांच्या पुरवण्या

गेल्या चवथीच्या सुट्टीत भाचा घरी आला तो तोंड फुगवूनच. मित्रांचा खेळ मोडला होता, आणि तोही एका पुस्तकावरून. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. या खेळाला पट लागत नाही. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गुहा, नगर, राक्षस वर्णून सांगतो, बाकीचे आपले पात्र काय करते ते बोलतात, आणि जमले की फसले हे 20 बाजूंचा फासा ठरवतो. रात्रभर दशावतार पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. तिथेही कथासूत्र तेवढे ठरलेले, संवाद आयत्या वेळचे.

भांडण असे. मूळ खेळाडू-पुस्तकात पात्रांचे 12 वर्ग आहेत. एका मित्राला तेराव्याच वर्गाचे पात्र हवे होते. त्याचे नाव ब्लड हंटर, म्हणजे स्वतःचे रक्त सांडून शस्त्राला बळ देणारा शिकारी. तो रचला मॅथ्यू मर्सर या अमेरिकन आवाज-कलावंताने. दुसरा मित्र म्हणाला, कंपनीच्या मूळ पुस्तकात नाही ते चालणार नाही. सूत्रधार आमचा भाचा. "मामा, तूच सांग, बाहेरचे पुस्तक खरे की खोटे?"

मला हा खेळ येत नाही. पण खरे-खोटे हा शब्द मनात राहिला, आणि मी त्याचा इतिहास वाचत बसलो.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून टीएसआर या कंपनीने काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई 1000 प्रतींची. नियम इतके अपुरे की बाकीचे ज्याचे त्याने रचून घ्यावे, असाच एकूण सूर. टीएसआरने स्वतः नियमांच्या पुरवण्या काढल्या, पण आयती नगरे, आयती साहसे कोण विकत घेणार, असे कंपनीतल्या लोकांना वाटे. ज्या खेळाची गंमतच आपले जग आपण रचण्यात, तिथे दुसऱ्याचे जग कशाला?

बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांना तसे वाटले नाही. इलिनॉयमधल्या डिकेटर गावच्या या दोघांनी 1976 साली जजेस गिल्ड नावाची संस्था काढली आणि एका अख्ख्या काल्पनिक नगराचा नकाशा छापून विकायला आणला. गल्ल्या, दुकाने, खानावळी, आणि प्रत्येक दुकानात गल्ल्यावर कोण बसतो तेही! दिवसभर नोकरी करून रात्री सूत्रधारी करणाऱ्याला एवढे सगळे रचायला वेळ कुठला? नकाशा खपला. टीएसआरने त्यांना रीतसर परवाना दिला, आणि 1978 पासून स्वतःही साहसांच्या पुस्तिका काढू लागली. म्हणजे आज ज्याला मूळ, अधिकृत म्हणतात त्यातला मोठा भाग परक्यांचे पाहून सुचलेला. (परवाना मात्र 1980च्या दशकाच्या आरंभी संपला. गरज सरो, वैद्य मरो.)

कॅलिफोर्नियात डेव्ह हारग्रेव्हने 1977 साली ‘आर्डुइन ग्रिमॉयर’ काढले. हा व्हिएतनाम युद्धातून परतलेला गडी, परवान्याच्या भानगडीत पडला नाही. टीएसआरची तंबी आली तेव्हा त्याने खेळाच्या नावाचे उल्लेख पांढऱ्या रंगाने पुसले, वर दुसरे शब्द टंकले आणि पुस्तक विकत राहिला. मला हा माणूस फार आवडला.

कायद्याचा धागाही गमतीचा. जमाखर्चाच्या एका पुस्तकावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ठरवले होते, की पुस्तकातल्या शब्दांवर लेखकाचा हक्क, पद्धतीवर नाही. खेळाचे नियम ही पद्धतच. म्हणून पुढची भांडणे बहुतेक नावावरून झाली. मेफेअर कंपनीशी टीएसआर 1990च्या दशकात कोर्टात भांडली आणि शेवटी तिची ती पुस्तकमालाच विकत घेऊन मोकळी झाली.

1997 मध्ये टीएसआरच विकली गेली. नव्या मालकांकडे, विझार्ड्स ऑफ द कोस्टमध्ये, रायन डॅन्सी नावाचा हिशेबी माणूस होता. त्याचे म्हणणे, साहसांच्या पुस्तिकांत कमाई थोडी, ती इतरांना करू द्या. त्या वाचायला-खेळायला मूळ पुस्तक लागतेच, ते आपण विकू. 2000 साली खुला परवाना आला आणि पुरवण्यांचा पूर लोटला. त्यात कचराही भरपूर होता. 2003 साली सुधारित नियम निघाले आणि जुन्या पुरवण्यांचे गठ्ठे दुकानांत पडून राहिले.

जानेवारी 2023 मध्ये कंपनीने तोच परवाना मोडीत काढायचे ठरवले. नव्या अटींचा मसुदा बाहेर फुटला. वर्षाला 7,50,000 डॉलरच्या वर उत्पन्न गेले तर वरच्या रकमेतला 25 टक्क्यांपर्यंत वाटा कंपनीला, असे त्यात होते. खेळणारे खवळले आणि कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी धडाधड बंद करू लागले. 27 जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, परत घेता येणार नाही असा, सोडून दिला.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "ते ठीक, पण त्या शिकारी पात्राने एका फटक्यात माझा राक्षस मारला तर?" प्रश्न रास्त होता. परक्या लेखकाला या टेबलावरची बाकीची पात्रे कुठे ठाऊक असतात? तोलून पाहायचे ते सूत्रधारानेच. तीन बैठका चालवून बघ, जड झाले तर नियम कापायचे असे आधीच सर्वांना सांग, एवढेच मला सुचले. त्याने तसा निरोप मित्रांना धाडला. नियम न पटणाऱ्या मित्राचे उत्तर रात्री उशिरा आले: येतो, पण पहिला फासा मी टाकणार.

भाचा मात्र तोवर जेवणाच्या टेबलावर चौकटीची वही पसरून बसला होता. नव्या नगराचा नकाशा चालला होता. खानावळीच्या मालकाला नाव काय द्यावे, असे मला विचारत होता.