पाच वॅटचा फाटका आवाज : फेंडर चॅम्प नावाच्या छोट्या डब्याची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, राजा नाही, तह नाही. आज इतिहास आहे एका डब्याचा. काळं रेक्झिन, चंदेरी पट्टी, तीन बटणं, लाल दिवा आणि आत आठ इंचांचा एक स्पीकर. अमेरिकेत दुकान टाकलेल्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या माणसाने हा गिटार अ‍ॅम्प शिकाऊ मुलांसाठी बनवला. नाव फेंडर चॅम्प. ताकद पाच-सहा वॅट. तुमच्या पार्टीवाल्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर यापेक्षा मोठा आकडा छापलेला असतो.

माझ्याकडे १९७० च्या दशकातला एक आहे. ऑनसाइटला असताना जुन्या वाद्यांच्या दुकानातून घेतला आणि कपड्यांच्या मधोमध गुंडाळून पुण्याला आणला. दिवसभर मी कोड लिहितो, रात्री यावर गिटार वाजवतो. पण आजचा विषय माझी हौस नाही. प्रश्न असा आहे : ज्या आवाजाला इंजिनिअर लोक पन्नास वर्षं ‘दोष’ म्हणत होते, त्याच आवाजासाठी जग आज पैसे का मोजतं?

त्यासाठी आधी व्हॉल्व्ह समजून घेऊ. आजोबांच्या घरातला जुना रेडिओ आठवतो का? बटण फिरवलं की लगेच काही ऐकू यायचं नाही. आत काचेच्या नळ्या हळूहळू लालसर व्हायच्या आणि मग कुठून तरी दुरून आल्यासारखं गाणं सुरू व्हायचं. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह. अमेरिकेत त्यांना ट्यूब म्हणतात.

१९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह केला. त्यात दोन टोकं होती. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने मध्ये तिसरं टोक घातलं, एक जाळी. सगळी जादू या जाळीत आहे. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधल्या जाळीवर थोडासा व्होल्टेज बदलला की हा लोंढा खूप बदलतो. धरणाच्या दाराला एका हाताने ढकललं आणि खालची नदी हलली, तसं. लहान सिग्नल आत, मोठा सिग्नल बाहेर. रेडिओ, सिनेमाचा आवाज, लांब पल्ल्याचे टेलिफोन, सुरुवातीचे कॉम्प्युटर, सगळं यावर चाललं.

आता गंमत बघा. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर चालला. म्हणजे व्हॉल्व्हच्या मरणाचा दाखला लिहून झाला होता. आणि पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, लिओ फेंडरने आपला सगळ्यात छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बाजारात आणला.

कोण हा फेंडर? जन्म १९०९, कॅलिफोर्निया. शिकला हिशेबनिशी. नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक रेडिओ आणायचे, तसे स्थानिक वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्पही आणायचे. कुठली वायर तुटते, कुठला भाग जळतो, गाडीच्या डिकीतून नेताना काय निखळतं, हे सगळं त्याने टेबलावर बघितलं. १९४६ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. आणि हा माणूस, ज्याच्या गिटारी पुढे जगभर गेल्या, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादकाचा अहंकार नव्हता, म्हणून असेल कदाचित, तो वादकांचं ऐकायचा.

त्या काळात अमेरिकेत हवाईयन गिटारचं वेड होतं. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी सरकवत वाजवायची ती गिटार. तिचे क्लास चालायचे आणि क्लासमधल्या मुलांना स्वस्तात गिटार-अ‍ॅम्पची जोडी हवी असायची. त्यांच्यासाठी चॅम्पियन ८०० आला. १९४९ मध्ये चॅम्पियन ६००. आकड्यांचं गूढ काही नाही : आठ इंचांचा स्पीकर म्हणजे ८००, सहा इंचांचा म्हणजे ६००. पन्नाशीच्या दशकात नाव आखडून नुसतं ‘चॅम्प’ झालं आणि वरून सुटकेसला लावायचं पिवळसर कापड आलं. त्याला ट्वीड म्हणतात.

आता आत डोकावू. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या चॅम्पचा नकाशा ‘५एफ१’ या नावाने प्रसिद्ध आहे. मी इंजिनिअर आहे, पण कॉम्प्युटरवाला. तरी हा नकाशा एका चहात समजतो. व्हॉल्व्ह फक्त तीन. पहिला १२एएक्स७ : एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह, तो गिटारचा बारीक सिग्नल दोन टप्प्यांत वाढवतो. दुसरा ६व्ही६ : हा पैलवान, स्पीकर हलवायची ताकद याची. तिसरा ५वाय३ : तो भिंतीतल्या उलटसुलट करंटला एका दिशेने वळवतो. बाकी ट्रान्सफॉर्मर आणि वीस-पंचवीस सुटे भाग, फायबरच्या पट्टीवर हाताने झाळलेले. बटण एकच, आवाजाचं. चालू-बंदही त्याच बटणाने. आणि त्यावरचे आकडे दहावर थांबत नाहीत, बारापर्यंत जातात!

बारावर नेलं की काय होतं, तिथे खरा इतिहास आहे. आपण मराठीत किती चपखल बोलतो बघा : ‘आवाज फाटतोय’. लग्नातला लाउडस्पीकर, गणपतीतला डीजे, रिक्षातला टेप, सगळ्यांना आपण हेच म्हणतो. सिग्नल इतका मोठा होतो की व्हॉल्व्हला तो पेलत नाही. लाटेचा शेंडा छाटला जातो. त्या छाटण्यातून मूळ सुरात नसलेले वरचे सूर जन्माला येतात.

पण हा छाटण्याचा प्रकार सगळीकडे सारखा नसतो. व्हॉल्व्ह हळूहळू दबतो, गोलाई ठेवून छाटतो. चॅम्पमध्ये एकच पैलवान असल्यामुळे लाटेची वरची आणि खालची बाजू सारखी छाटली जात नाही. अशा असमान छाटण्यात मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, ठळक मिसळतो. ‘सा’ वाजवला तर वरचा ‘सा’ सोबत येतो. कानाला ते बेसूर लागत नाही, भरलेलं लागतं. अ‍ॅम्प जणू श्वास घेतो. हळू वाजवा, स्वच्छ. जोरात वाजवा, गुरगुर. बटणाला हात न लावता, फक्त बोटांच्या जोरावर.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर सुताचा दोरा सरकवून कारागीर तारेत मुद्दाम झणझण आणतात. त्या झणझणीशिवाय तंबोरा मुका. सुराला कडा हवी असते, हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत होतं.

अमेरिकेत मात्र ते अपघातानेच कळलं. मार्च १९५१, मेम्फिस. आइक टर्नरचा बँड ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड करायला निघाला. वाटेत गिटारचा अ‍ॅम्प खराब झाला. कुणी सांगतं गाडीवरून पडला, कुणी सांगतं पावसात भिजला. स्पीकरचा कागद फाटलेला. रेकॉर्डिंग करणाऱ्या सॅम फिलिप्सने आत कागद कोंबला आणि तसंच रेकॉर्ड केलं. तो घरघरता आवाज लोकांना आवडला. १९५८ मध्ये लिंक रेने ‘रंबल’साठी पेन्सिलने आपल्या स्पीकरला भोकं पाडली. त्या गाण्यात एकही शब्द नाही, तरी मुलं बिघडतील म्हणून काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला! आणि १९६४ मध्ये लंडनमध्ये द किंक्सचा सतरा वर्षांचा डेव्ह डेव्हिस; त्याने एल्पिको नावाच्या लहानशा, स्वस्त अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला आणि ‘यू रियली गॉट मी’चा आवाज सापडला.

तिन्ही किश्श्यांत एक धागा आहे. कुणीही महागडं यंत्र विकत घेतलं नव्हतं. जे हाताशी होतं, मोडकं किंवा स्वस्त, त्यातून नवा आवाज निघाला. दोष हा आवाज झाला.

मग चॅम्पचा दिवस उजाडला. १९७०, मायामीचा क्रायटेरिया स्टुडिओ. एरिक क्लॅप्टन त्याच्या डेरेक अँड द डॉमिनोज या बँडबरोबर ‘लैला’चा अल्बम करत होता. तोवर हाच क्लॅप्टन स्टेजवर माणसाच्या उंचीच्या अ‍ॅम्पच्या भिंती लावायचा. इथे त्याने वापरला चॅम्प. कारण साधं आहे. माइकला खोलीतला गोंगाट मोजायचा नसतो. मोठा अ‍ॅम्प फाटायला लागेपर्यंत भिंती हलतात. छोटा अ‍ॅम्प लवकर फाटतो आणि माइकमध्ये तो अजस्र वाटतो.

इथे एक हिशेब सांगतो, तुम्हाला गिटार घेताना कामाला येईल. आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. म्हणजे पन्नास वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. तेव्हा ‘पाच वॅट म्हणजे खेळणं’ असं कुणी म्हणालं तर त्याला एकदा माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलायला सांगा.

आता इतिहासाच्या पुस्तकात सहसा न येणारी माणसं. हे अ‍ॅम्प लिओ फेंडरने एकट्याने झाळले नाहीत. पन्नास-साठच्या दशकातले फेंडर उघडले तर आत पुष्कळदा चिकटपट्टीचा एक तुकडा दिसतो. त्यावर हाताने लिहिलेलं एक नाव : लिली, लूपे. जोडणाऱ्या बाईची सही. फुलर्टनच्या कारखान्यात हे बारीक काम बऱ्याच बायका करायच्या, त्यातल्या अनेकजणी मेक्सिकन वंशाच्या. गाण्यावर नाव गायकाचं, डब्यावर नाव मालकाचं, आणि आवाज जिने प्रत्यक्ष जोडला तिचं नाव आत, अंधारात, चिकटपट्टीवर. आमच्या क्षेत्रात कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती कुणी लिहिली ते नोंदलेलं असतं. ती चिकटपट्टी मला त्याच नोंदीची आजी वाटते.

वयसुद्धा असंच आत लिहिलेलं असतं. त्या काळच्या अ‍ॅम्पमध्ये आतल्या कागदावर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्ष, ‘ए’ म्हणजे १९५१. दुसरं अक्षर महिना. म्हणजे ‘एन’ आणि ‘के’ असेल तर नोव्हेंबर १९६४. स्पीकरवरही आकडे असतात. सुरुवातीचे ४६५ असतील तर तो ऑक्सफर्ड कंपनीचा, २२० असतील तर जेन्सनचा. पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. शिलालेख वाचल्यासारखं वाटतं, खरंच.

१९६५ मध्ये लिओने सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना कंपनी सीबीएसला विकली. काळी पट्टी जाऊन चंदेरी आली. ट्रान्झिस्टरने सगळीकडून व्हॉल्व्ह हुसकावले, रेडिओतून, टीव्हीतून, कॉम्प्युटरमधून. चॅम्प मात्र बारीकसारीक बदल सोसत १९८२ पर्यंत बनत राहिला.

आता वर्तमानात येऊ. असा अ‍ॅम्प भारतात ठेवायचा तर काय? पहिली गोष्ट : तो अमेरिकेच्या ११७ व्होल्टसाठी बनलेला आहे, आपल्या भिंतीत २३० आहेत. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. दुसरी : त्याहून जुन्या अ‍ॅम्पला बऱ्याचदा दोनच पिनांची वायर असते, ती बदलून अर्थिंगची तीन पिनांची करून घ्या. तिसरी, आणि ही हसण्यावारी नेऊ नका : आत तीनशे व्होल्टच्या वर वीज खेळते आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती दबा धरून बसते. यूट्यूब बघून झाकण उघडू नका. माझ्या अ‍ॅम्पमधून घूंऽऽ असा आवाज यायचा. मी तो पेठेतल्या एका ज्येष्ठ रेडिओ मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पला हात लावला नव्हता. नकाशाची प्रिंट बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हा तर आपला रेडिओच आहे की, फक्त स्टेशन लागत नाही.” सुकलेले कॅपॅसिटर बदलले, घूं बंद.

त्या वाक्यात मला आख्खा इतिहास दिसतो. सुरुवातीचे अनेक गिटार अ‍ॅम्प व्हॉल्व्ह कंपन्यांनी स्वतःच छापलेल्या नमुना नकाशांवर उभे होते. नकाशे उघडे होते, म्हणून फुलर्टनच्या दुकानदाराला ते वापरता आले. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातल्या लोकांनी फेंडरच्याच बेसमन अ‍ॅम्पवरून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला पहिला अ‍ॅम्प केला. आणि म्हणूनच पुण्याच्या काकांना पन्नास वर्षांपूर्वीचं परदेशी यंत्र अर्ध्या तासात वाचता आलं.

धोकाही आहे. आज गिटार अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथे बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं, रशियाने निर्यात अडवली आणि जगभरचे वादक धास्तावले, भाव चढले. कुठल्याशा सीमेवर रणगाडे हलले की पुण्यातल्या खोलीतला ‘सा’ महाग होतो.

मोबाइलवर याचं सॉफ्टवेअर मिळतं की, असं तुम्ही म्हणाल. मिळतं, आणि उत्तम असतं. हेडफोन लावून रात्री बारा वाजता मीही तेच वाजवतो. पण माझा फोन चार-पाच वर्षांत अपडेट मिळायचा थांबतो, उघडायचा म्हटला तर गोंदाने चिकटवलेला असतो. चॅम्पमधला प्रत्येक भाग दिसतो, सोडवता येतो, बदलता येतो. म्हणून तो टिकला. जी वस्तू दुसऱ्याला समजू शकते तीच तिसऱ्या पिढीपर्यंत जाते. काकांकडे शिकायला मात्र सध्या कुणी नाही. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल आणि गावात असे काका असतील, तर या शनिवारी जाऊन त्यांच्या शेजारी बसा. सोल्डरिंग आयर्न ते देतील, प्रश्न तुम्ही घेऊन जा.

घरात जुना व्हॉल्व्ह रेडिओ पडला असेल तर भंगारात देण्याआधी आम्हाला फोटो पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, ऐकत राहा.