चालता स्कॅनर मोडीत

आमच्या घरचा स्कॅनर बिघडलेला नाही. काच स्वच्छ आहे, दिवा लागतो, आतली दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरकुर न करता जाते. तरी नवा घ्यावा लागतोय, कारण नव्या संगणकाला तो दिसतच नाही. ज्यांनी तो बनवला त्यांनी त्याचा ड्रायव्हर ३२-बिट विंडोजपर्यंत आणला आणि तिथेच सोडून दिला. केवळ त्याच्यासाठी म्हणून एक जुना संगणक सांभाळला होता, पण विंडोज १० चे फुकटचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि तो संगणक इंटरनेटला जोडायची सोय राहिली नाही. शिवाय प्रिंटरही घ्यायचाच होता. म्हटलं, दुकानात जाण्याआधी ही यंत्रं आली कुठून ते जरा वाचावं. वाचता वाचता असं दिसलं की काय घ्यायचं याचं उत्तर बरंचसं त्या इतिहासातच आहे.

चित्राच्या बारीक रेघा करून ते तारेने पाठवायची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि जिओव्हानी कासेली या इटालियन पाद्र्याच्या यंत्रावर १८६५ पासून पॅरिस ते लियोन अशी चक्क सार्वजनिक सेवा सुरू झाली. लोक सह्या पाठवायचे, चित्रं पाठवायचे. पण तो सगळा फॅक्सचा खानदान. कागदावरचं संगणकात घेणारा पहिला स्कॅनर १९५७ चा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श नावाचे इंजिनियर होते. त्यांनी एका फिरत्या नळकांड्यावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो गुंडाळला आणि तो सीक नावाच्या संगणकात उतरवला. फोटो ५ सेंटीमीटर बाय ५ सेंटीमीटर. ठिपके १७६ बाय १७६, म्हणजे एकूण ३०,९७६. प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. मग करड्या छटा आणायला त्यांनी तोच फोटो वेगवेगळ्या उजेडमर्यादा ठेवून पुन्हा पुन्हा वाचला आणि ते सगळे थर एकावर एक रचले.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की जगातला पहिला स्कॅन हा कुठल्या नकाशाचा, करारपत्राचा नसून घरच्या बाळाचा आहे. आपणही स्कॅनर घेतो तो बहुधा त्याचसाठी. आज ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. कर्शना मात्र ठिपके चौकोनी ठेवले याची पुढे रुखरुख लागून राहिली. पन्नासएक वर्षांनी, निवृत्तीनंतर, ते वेगवेगळ्या आकारांचे ठिपके वापरून चित्र सुधारायच्या मागे लागले होते. २०२० मध्ये ते वारले.

घरात मावणारा स्कॅनर व्हायला आणखी दोन गोष्टी लागल्या. एक सीसीडी, म्हणजे उजेड मोजणारी सिलिकॉनची चिप. बेल लॅब्समध्ये १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ स्मृतीसाठी, म्हणजे माहिती साठवायला, काहीतरी शोधत होते, त्यातून ती निघाली. त्याचं नोबेल मिळायला २००९ उजाडलं. दुसरी म्हणजे आडवी काच. रे कर्झवाइल यांनी १९७६ मध्ये अंधांसाठी वाचनयंत्र जाहीर केलं. काचेवर पुस्तक पालथं ठेवायचं, सीसीडीने पान टिपायचं, अक्षरं ओळखायची आणि ती मोठ्याने वाचून दाखवायची. गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आपल्या टेबलावरचा सपाट स्कॅनर हा त्या यंत्राचा धाकटा भाऊ.

आता मुद्द्याचं. स्कॅनरच्या काचेत, मोटारीत बिघडण्यासारखं फार काही नसतं. फार तर पावसाळ्यात काचेच्या आतून धुकं धरतं. तो मरतो तो दुभाष्यावाचून. संगणक आणि यंत्र यांच्यामधला ड्रायव्हर हा दुभाषा. प्रत्येक कंपनीच्या, कधी कधी प्रत्येक मॉडेलच्या स्कॅनरची बोली वेगळी आणि ती कंपनी सोडून कुणाला ठाऊक नाही. १९९२ मध्ये काही कंपन्यांनी मिळून ट्वेन नावाचं मानक काढलं (लोकांनी गमतीने त्याचं पूर्ण रूप 'धड नाव नसलेलं तंत्रज्ञान' असं करून टाकलं), पण ते फोटोशॉपसारखा प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यामधलं. ड्रायव्हर आणि यंत्र यांच्यातलं गुपित तसंच राहिलं. ३२-बिट गेलं, ६४-बिट आलं, की कंपनीने पुन्हा ड्रायव्हर लिहिला तर लिहिला. नाहीतर यंत्र भंगारात. मॅकवाल्यांना हाच झटका २०१९ मध्ये बसला, कॅटालिना आली तेव्हा.

यातूनच एक मोठी गोष्ट घडली, ती मात्र प्रिंटरवरून. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला होता. कागद अडकला की वरच्या मजल्यावर बसलेल्याला ते कळायचं नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरसाठी अशी सूचना देणारी सोय स्वतः लिहिली होती, याच्यासाठीही लिहिणार होते. पण मूळ प्रोग्राम मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार केला आहे म्हणून चक्क नकार दिला. स्टॉलमन तो नकार विसरले नाहीत आणि १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. आज जुन्या स्कॅनरना लिनक्सवर जिवंत ठेवणारं सेन हे फुकट सॉफ्टवेअर त्याच वळणाचं. विंडोज-मॅकवर व्ह्यूस्कॅन नावाचा विकतचा प्रोग्राम हेच काम करतो. स्कॅनर टाकण्याआधी हे दोन दरवाजे ठोठावून बघाच. आमच्या स्कॅनरला दोन्हीकडे प्रवेश नव्हता, म्हणून बदलतोय.

प्रिंटरची कथा जरा निराळी. तिथे भाषेइतकंच शाईचं राजकारण आहे.

आपण ज्याला सरसकट झेरॉक्स म्हणतो ('दोन झेरॉक्स काढून आण') ती पद्धत चेस्टर कार्लसन यांची. पेटंटच्या कचेरीत कागदांच्या नकला करून करून कंटाळलेला हा माणूस, त्याने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात एका भाड्याच्या खोलीत पहिली कोरडी नक्कल काढली. शाई नाही, पाणी नाही, विजेच्या भाराने चिकटणारी पूड. पहिलं धड यंत्र, झेरॉक्स ९१४, बाजारात यायला १९५९ उजाडलं. पुढे त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरना वाटलं की मूळ कागदावरून परावर्तित झालेल्या उजेडाऐवजी लेझरने थेट अक्षरं लिहिली तर? साहेबांना पटेना. ते १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या पार्क प्रयोगशाळेत गेले आणि तिथे ते केलं. १९७७ चा ९७०० हा खोलीभर यंत्राचा प्रकार होता. टेबलावर आला तो १९८४ चा एचपी लेझरजेट, किंमत ३,४९५ डॉलर, आतलं इंजिन कॅननचं. पूड आणि ड्रम एकाच डबीत घालून ती बदलायची ही युक्तीही कॅननचीच.

१९८५ च्या अॅपल लेझररायटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाची भाषा होती आणि त्या भाषेचं व्याकरण पुस्तकरूपाने दुकानात मिळत होतं. भाषा सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर कुठल्याही एका ड्रायव्हरवर अडून बसत नाही. पुढे स्वस्ताईसाठी असे प्रिंटर निघाले ज्यांना स्वतःची भाषाच नाही, सगळी अक्कल संगणकातल्या ड्रायव्हरमध्ये. ते स्वस्त पडतात आणि दुभाषा गेला की मुके होतात. अगदी आमच्या स्कॅनरसारखे.

इंकजेटचा जन्म अपघाताचा. १९७७ मध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली. उष्णतेने बुडबुडा करून शाई फेकायची ही पद्धत. त्याच सुमारास एचपीही स्वतंत्रपणे तिथेच पोचली आणि १९८४ ला तिचा थिंकजेट आला. त्यात शाई फेकणारं डोकं डबीतच होतं, डबी बदलली की डोकं नवं. १९८८ चा डेस्कजेट ९९५ डॉलरला होता. मग प्रिंटरचे भाव पडत गेले आणि कमाई शाईकडे सरकली. डबीवर चिप आल्या, परकी डबी ओळखून अडवणं आलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. रिकाम्या डब्या पुन्हा भरून विकण्याविरुद्ध पेटंटचा आधार घेता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात दिला.

आणि इथे आपल्यासारख्या देशांतल्या लोकांनी कंपन्यांना वाकवलं, हे मला फार आवडतं! प्रिंटरच्या कुशीला प्लॅस्टिकच्या बाटल्या, त्यातून आत गेलेल्या चार नळ्या, हे चित्र आठवतंय? फोटो स्टुडिओत, सायबर कॅफेत सर्रास दिसायचं. वॉरंटी गेली तरी चालेल पण डबी विकत घेणार नाही, हा खाक्या. असे जुगाड बघून एप्सनने २०१० मध्ये आधी इंडोनेशियात, मग भारतात टाकीवाले प्रिंटर आणले. प्रिंटर महाग, शाई स्वस्त, म्हणजे सगळा हिशोब उलटा. अमेरिकेत तो प्रकार २०१५ ला पोचला.

मग टाकीचाच घ्यावा की! रोज छापणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. पण आमच्याकडे महिन्याला दहा पानं निघतात: एखादा अर्ज, प्रवासाचं तिकीट, भाच्याचा प्रकल्प. इंकजेट वापरला नाही की नोझलमध्ये शाई सुकते. मग तो स्वतःला साफ करायला शाईच पितो. उन्हाळ्यात आठ दिवस बंद राहिला तरी रेघा येऊ लागतात. लेझरची पूड मुळात कोरडीच, ती काय सुकणार? सहा महिन्यांनी बटण दाबलं तरी पान निघतं. आणि कागदावर वितळून बसल्यामुळे पाण्याचा थेंब पडला तर अक्षर फुटत नाही. आपल्या पावसात, छत्रीखालून कचेरीत न्यायच्या कागदांसाठी ही लहान गोष्ट नाही. सादळलेला कागद दोन-दोन पानं ओढतो, ते मात्र दोन्ही जातींत सारखंच. रिम डब्यात बंद ठेवावी.

म्हणून काळा-पांढरा लेझर ठरवला. रंगीत फोटो महिन्यातून एखादा, तो लॅबमधून खऱ्या फोटोकागदावर काढून आणणं स्वस्तही पडतं आणि टिकतंही जास्त. एकच अट ठेवली: पोस्टस्क्रिप्ट कळलं पाहिजे आणि एअरप्रिंटसारखी ड्रायव्हरशिवाय छापायची सोय पाहिजे. हा प्रकार २०१० मध्ये आयफोन-आयपॅडसाठी आला. त्यात संगणक आणि प्रिंटर ठरलेल्या जाहीर भाषेत बोलतात, मधे दुभाषा नाही.

प्रिंटर-स्कॅनर एकत्र असलेलं यंत्र मुद्दाम नको म्हटलं. त्यातले आणि स्वस्त पातळ स्कॅनरमधले डोळे बहुधा सीआयएस जातीचे असतात, काचेला नाक लावून बघणारे. कागद काचेला चिकटून असेल तोवर उत्तम, एक-दोन मिलिमीटर वर उचलला गेला की धूसर. जाड सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे थोडं वर असलेलंही स्पष्ट येतं. पोथीचं वाकलेलं पान, पणजोबांची घडी पडलेली मोडीतली पत्रं, पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी, सगळं याच जातीला जमतं. झाकणात दिवा असलेला घेतला की निगेटिव्हही होतात. खोक्यावरच्या डीपीआयच्या मोठ्या आकड्यांकडे बघू नका, ते बरेचदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात. ऑप्टिकल आकडा विचारा. पत्रांना ३००, फोटोंना ६००, निगेटिव्हना २४०० पुरे.

तर नातेवाईक मंडळी, दिवाळीनंतर अल्बम पाठवायला हरकत नाही. त्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र उपटू नका. अख्खं पान काचेवर ठेवून स्कॅन करता येतं. मागच्या बाजूला कुणी नावं-तारखा लिहिल्या असतील आणि फोटो आधीच सुटा झाला असेल, तर तीही बाजू घेऊ. आणि निगेटिव्हची पाकिटं कुणी कचऱ्यात टाकली नसतील, तर ती सगळ्यात आधी पाठवा.