स्त्रीदेहातील विरजण



स्मरणिकेसाठी कोणी पाककृती देते, कोणी विणकामाचा नमुना. मी यंदा निराळाच विषय घेतला आहे. काहींना तो चारचौघींत काढण्याजोगा वाटणार नाही. अंगावरून पांढरे जाणे, खाज, आग, दुर्गंधी ही दुखणी आपल्यापैकी पुष्कळजणी मुकाट्याने सोसतात. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या दह्याच्या विरजणाशी दूरचे नाते सांगणारा आहे.

जर्मनीतील आल्बर्ट डोडरलाइन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८९२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी बाळंतज्वराने किती तरी बायका दगावत. त्या ज्वराच्या मुळाशी जाताना त्यांनी योनिमार्गातील स्राव तपासला. निरोगी स्त्रियांच्या स्रावात त्यांना काडीच्या आकाराचे जिवाणू आढळले. हे जिवाणू आम्ल तयार करीत, आणि त्या आम्लात पू करणाऱ्या जंतूंची वाढ खुंटे. जंतू म्हणजे वैरी, असे मानण्याच्या त्या दिवसांत हे जंतू घराचे राखणदार निघाले! पुढे त्यांची गणना लॅक्टोबॅसिलस या कुळात झाली.

यांचे अन्न आपल्याच शरीरात तयार होते. मुलगी वयात आली की इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठू लागते. त्यावर हे जिवाणू पोसतात आणि लॅक्टिक आम्ल करतात. पाळी कायमची गेली की ग्लायकोजेन कमी होते व राखण ढिली पडते. जंतुनाशक पाण्याने आतून धुण्याची सवयही या राखणदारांनाच हुसकावते. म्हणून अति स्वच्छतेचा हव्यास येथे उपयोगाचा नाही.

१९०७ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी दीर्घायुष्यासाठी आंबवलेल्या दुधाची महती सांगितली, तेव्हापासून हितकारक जिवाणूंचा बोलबाला झाला. पण दही लावणारे जिवाणू वेगळे आणि हे वेगळे. दही जरूर खावे; त्याचा लेप मात्र लावू नये.

१९५५ साली अमेरिकेत गार्डनर आणि ड्यूक्स यांनी दुर्गंधीयुक्त स्रावाचे कारण म्हणून एक जंतू दाखवला. खात्री करण्यासाठी त्यांनी १३ निरोगी स्त्रियांना नुसता तो जंतू टोचून पाहिला, तर एकीलाच रोग झाला. आजारी स्त्रीचा स्राव १५ जणींना दिला, तेव्हा ११ जणींना झाला. (त्या बायकांना कोणी नीट समजावून विचारले होते का, असे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.) यातून दिसते ते असे, की दोष एकट्या जंतूचा नसून सगळी वस्तीच बिघडलेली असते. या विकाराला आज बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. बुरशीने होणारी खाज निराळी, तिचे औषध निराळे. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊ नये.

आपल्याकडे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. तो अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. सोसण्याचा आकडा असा मांडला जाईपर्यंत बायकांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारदरबारी समजूत होती.

औषधाने बरा झालेला हा विकार वारंवार उलटतो, हेच मोठे दुखणे. अमेरिकेत यावर राखणदार परत वसवण्याचा प्रयत्न झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२८ स्त्रिया होत्या. आधी औषध देऊन मग काहींना लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा जिवाणू योनिमार्गात दिला. बारा आठवड्यांत त्यांच्यापैकी शेकडा ३० जणींना विकार परतला. नुसती बिनऔषधी भुकटी मिळालेल्यांत शेकडा ४५ जणींना. म्हणजे गुण आला, पण रामबाण नव्हे. बाजारातील प्रत्येक ‘प्रोबायोटिक’ डबीला हा दाखला लागू पडत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट २०२५ साली ऑस्ट्रेलियातून आली. तेथे १६४ जोडप्यांपैकी निम्म्या घरी बायकोबरोबर नवऱ्यालाही गोळ्या व मलम दिले. जेथे दोघांनी औषध घेतले तेथे शेकडा ३५ जणींना विकार परतला, आणि जेथे एकटीने घेतले तेथे शेकडा ६३ जणींना. इतकी वर्षे औषध एकटीनेच घ्यायचे, अशी रीत होती.