बोरघाटातली थकबाकी

बोरघाटातील लोहमार्ग म्हटला की बोगदे आठवतात, थकलेली मजुरी नाही. १८५६ मध्ये जीआयपी रेल्वेच्या या कामाचे मुख्य कंत्राटदार होते विल्यम फॅव्हिएल. काम पोटकंत्राटदारांत वाटले गेले, त्यांच्याकडून मुकादमांकडे. पैसाही याच उतरंडीने खाली यायचा, नव्हे, वाटेतच अडायचा. जानेवारी १८५९ मध्ये संतप्त मजूर युरोपीय अधिकाऱ्यांवर तुटून पडले. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारले. काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तडीस नेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

दरम्यान १८६० चा कायदा आला. सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांनी झटपट मिटवावेत, असे त्यात होते. आणि करार मोडणाऱ्या मजुरालाच गुन्हेगार ठरवण्याची सोयही!